धग, झळ आणि चटका

किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही. सेल्फचा आवाज नाही, सोलेनॉइडची (स्टार्टरला जोडून देणाऱ्या विद्युत-चुंबकाची) 'टक'ही नाही. डॅशबोर्डवरचे दिवे किंचित मंदावले, एवढंच. पंधरा मिनिटांपूर्वी मी हीच गाडी तासभर मनसोक्त पळवून उभी केली होती. बॅटरी नवी होती. बॉनेट उघडलं, तर भट्टीचं दार उघडावं तशी गरम हवा तोंडावर आली आणि तिच्याबरोबर करपलेल्या प्लास्टिकचा वास. पाऊण तास बॉनेट उघडं ठेवून बाजूला उभी राहिले. मग किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. निघाले तेव्हा क्लचचं पेडल नेहमीपेक्षा खोल जात होतं आणि पायाला लिबलिबीत लागत होतं.

नवं एक्झॉस्ट बसवून तेव्हा नऊ दिवस झाले होते.

गाडी दोन सीटांची. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. कंपनीचं मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून जळका वायू गोळा करून पुढे नेणारा भाग, बिडाचं होतं, जाड आणि जड, आणि त्यावर पत्र्याचं दुहेरी हीट शील्ड, उष्णता अडवणारं झाकण. ते काढून स्टेनलेस स्टीलचे हेडर्स घातले, चार लांब नळ्या पुढे एकत्र येणारे. वरच्या आरपीएमला इंजिन मोकळं फिरायला लागलं, आवाज भरदार झाला. जुनं शील्ड नव्या नळ्यांवर बसत नव्हतं, म्हणून ते खोक्यात गेलं. ते मुळात तिथे कशासाठी होतं, हा प्रश्न त्या दिवशी ना बसवणाऱ्याने विचारला, ना मी.

पूर्ण जोरात चाललेल्या पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारा वायू 800 ते 900 अंश सेल्सिअसच्या घरात असतो. कंपनीच्या मॅनिफोल्डमध्येही तो तेवढाच गरम असतो, नवा हेडर काही जास्त उष्णता तयार करत नाही. फरक असतो तो उष्णता कुठे आणि किती लवकर बाहेर पडते यात. बीड जाड, आखूड, आणि शील्डने झाकलेलं. हेडरची नळी दीड मिलिमीटर जाडीची, चार वेगवेगळ्या नळ्या म्हणजे पृष्ठभाग कितीतरी जास्त, आणि वर झाकण काही नाही. त्यात लांबी सारखी ठेवण्यासाठी नळ्या वळवून नेलेल्या. त्यातलं एक वळण माझ्या स्टार्टरच्या सोलेनॉइडला इतकं खेटून गेलं होतं की मधल्या फटीत करंगळी जेमतेम शिरत होती.

उपाय लगेच सुचवला गेला. "ताई, ही पट्टी गुंडाळा, विषय संपला." म्हणजे काचतंतूची उष्णतारोधक पट्टी, ज्याला सगळे रॅप म्हणतात. मी हेडर उतरवला, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क घालून (ते तंतू कातडीत शिरले की दोन दिवस टोचत राहतात) पट्टी ताणून गुंडाळली, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर जरा चढवत, आणि टोकं स्टेनलेसच्या पट्ट्यांनी आवळली. पहिल्यांदा तापल्यावर अर्धा तास धूर आला, मग थांबला. स्टार्टरचा त्रास गेला. खरोखर गेला. मी खूश होते.

पाच महिन्यांनी एका सकाळी थंड इंजिन सुरू केलं आणि टक-टक-टक ऐकू आलं. इंजिन तापलं की आवाज बंद. हेडरला तडा गेला होता, अगदी चार नळ्या जिथे मिळतात त्या वेल्डच्या कडेला. थंड असताना तडा उघडा राहायचा, धातू फुगला की मिटायचा. पट्टी सोडवली तेव्हा आतली नळी ओळखू येईना. चकचकीत स्टेनलेसची काळपट-करडी झाली होती आणि नखाने खरवडलं तर खपली निघत होती.

उघडी नळी आजूबाजूला उष्णता टाकत राहते, म्हणून तिची भिंत आतल्या वायूपेक्षा बरीच थंड असते. पट्टीने ती वाट बंद होते आणि भिंत वायूच्या तापमानाकडे सरकत जाते. माझा हेडर 304 जातीच्या स्टेनलेसचा होता. ते साधारण 450 ते 850 अंशांच्या पट्ट्यात बराच काळ राहिलं, की त्यातलं गंज रोखणारं क्रोमियम धातूच्या कणांच्या सीमांवर कार्बनशी जोडलं जातं आणि त्या सीमांजवळचा धातू गंजायला मोकळा होतो. वेल्डची कड आधीच नाजूक. वरून पावसात आणि धुताना पट्टीने धरून ठेवलेला ओलावा. बनवणाऱ्याने भरपाई द्यायला नकार दिला, कारण पट्टी गुंडाळलेल्या हेडरला हमी लागू नाही, असं त्याच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. हमीचा कागद मी आधी वाचायला हवा होता. पण पट्टी आणि हेडर एकाच माणसाने विकली असताना ही गोष्ट त्याने तोंडाने सांगायला हवी होती, असं मला अजूनही वाटतं.

तड्याने आणखी एक घोटाळा केला होता. एक्झॉस्टमध्ये दाब सतत वर-खाली होतो, त्यामुळे भेगेतून वायू बाहेर जातो तशी बाहेरची हवाही आत ओढली जाते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर ती हवा मोजतो, इंजिन चालवणाऱ्या कंट्रोल युनिटला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ते जास्त पेट्रोल सोडतं. पेट्रोल का जास्त पितेय, याचा शोध मी दोन महिने भलतीकडे घेत होते.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती मोजण्यापासून.

लेझरचा ठिपका टाकणारी तापमान-बंदूक आणली आणि नव्याने बनवून घेतलेल्या हेडरवर रोखली. इंजिन वीस मिनिटं चाललेलं, आणि आकडा 160 अंश. हे शक्यच नव्हतं. चकाकता धातू स्वतःची उष्णता किरणांच्या रूपात फार कमी सोडतो, आणि बंदूक तर तेच किरण मोजते. ती मॅट, काळ्या पृष्ठभागाच्या हिशेबाने लावलेली असते. मी नळीवर उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका दिला, वाळवला, आणि पुन्हा तितकंच चालवून मोजलं. ठिपक्यावर 410. दोन बोटं शेजारी, उघड्या स्टीलवर, पुन्हा 160. ज्यांनी ज्यांनी "माझा हेडर तर दोनशेच्या वर जातच नाही" असं मला सांगितलं होतं, ते खोटं बोलत नव्हते. ते चकाकणाऱ्या नळीवर बंदूक रोखत होते.

पण हेडर किती तापतो यापेक्षा त्याच्या शेजारचं काय तापतं हे महत्त्वाचं. त्यासाठी तापमान दाखवणाऱ्या चिकटपट्ट्या मिळतात. एका पट्टीवर आठ पांढरे चौकोन, प्रत्येकावर एक आकडा. तेवढं तापमान गाठलं की तो चौकोन कायमचा काळा होतो. मी त्या सोलेनॉइडवर, क्लचच्या हायड्रॉलिक पाइपवर, वायरिंगच्या जुडग्यावर, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवर आणि पायाखालच्या पत्र्यावर चिकटवल्या. एक फेरी मारून आले. सोलेनॉइडवर 143 चा चौकोन काळा, 149 चा पांढरा. क्लचच्या पाइपवर 138 काळा, आणि तीही पट्टी पाइपच्या मागच्या बाजूला होती. हेडरकडे तोंड असलेली बाजू याहून तापत असणार. त्या पाइपात ब्रेक ऑइलच असतं. डॉट-4 जातीचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषत राहतं आणि पाणी शोषलेल्या ऑइलची किमान हद्द 155 पर्यंत उतरते. माझं अडीच वर्षं जुनं होतं. पेडल लिबलिबीत का झालं, ते उलगडलं. पाइपात वाफेचे बुडबुडे होते, आणि बुडबुडा दाबला जातो.

सोलेनॉइडचं गणितही सरळ आहे. त्यातलं वेटोळं तांब्याचं, आणि तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.39 टक्क्यांनी वाढतो. 25 वरून 143 वर गेलं की रोध जवळजवळ दीडपट. तेवढा विजेचा प्रवाह कमी, तेवढी ओढ कमी, आणि आतला दांडा हलतच नाही.

मग सोलेनॉइडला थर्मोकपलची (तापमान मोजणारी) वायर बांधून मीटर केबिनमध्ये आणला. या प्रयोगातून सगळ्यात जास्त शिकले. गाडी जोरात पळत असताना आकडा 96 च्या आसपास. गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. दोन मिनिटांनी 108. पाच मिनिटांनी 126. बाराव्या मिनिटाला 143, आणि मग सावकाश उतरायला लागला. म्हणजे सगळ्यात वाईट वेळ पळताना नव्हती, थांबल्यावर होती. वारा बंद, पंखा बंद, पाणी फिरायचं बंद, आणि तापलेला धातू मात्र आपली साठवलेली उष्णता शेजाऱ्यांना वाटत बसलेला.

आपल्या भाषेत उष्णतेला एक शब्द नाही, आणि हे या कामात मला फार उपयोगी पडलं. चुलीपासून चार हात लांब बसूनही गालाला लागते ती धग. उन्हाळ्यात खिडकीतून येते ती झळ. तव्याला बोट लागलं की बसतो तो चटका. तिन्ही वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि एकीवरचा उपाय दुसरीवर चालत नाही. मी वहीत तीन रकाने पाडले आणि प्रत्येक तापलेल्या भागासमोर लिहिलं, याला यातलं नेमकं काय लागतंय.

सोलेनॉइड आणि क्लचच्या पाइपाला मुख्यतः धग लागत होती. धग तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, केल्व्हिनमध्ये मोजलं तर. 600 अंशांची नळी 700 ची झाली, की तिची धग दीडपटीहून जास्त होते. म्हणून पंधरा मिनिटं हळू चालवल्यावर काहीच होत नाही आणि पंधरा मिनिटं जोरात चालवल्यावर प्लास्टिक करपतं. पण धगीची एक गोष्ट चांगली आहे. ती सरळ रेषेत जाते, आणि मध्ये चकाकता पातळ पत्रा उभा केला तरी बरीचशी परत फिरते. मॅकलॅरेन एफ-1 या 1990च्या दशकातल्या गाडीत इंजिनाच्या खणाला आतून सोन्याचा वर्ख लावलेला आहे तो याचसाठी; सोनं ही किरणं जवळजवळ सगळी परतवतं.

पत्रा परिणामकारक ठरतो तो मध्ये हवा असेल तरच. शील्ड नळीलाही टेकायला नको आणि ज्याला वाचवायचं त्यालाही टेकायला नको. टेकलं की धगीचा चटका झाला. मी आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला. चार वेळा कापला, कारण पाना फिरवायला जागा ठेवायची होती आणि इंजिन रबरी माउंटवर हलतं तेवढंही अंतर सोडायचं होतं. नळीच्या बाजूचा पत्रा स्टेनलेसचा, 0.4 मिलिमीटर. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं, म्हणून ते नळीच्या तोंडावर न लावता मागच्या थरात वापरलं. दोन थरांमध्ये स्टीलच्या नळीचे 10 मिलिमीटरचे तुकडे घालून बोल्ट आवळले. एका जाड पत्र्यापेक्षा मध्ये फट ठेवलेले दोन पातळ पत्रे धग जास्त अडवतात. कडा दुमडल्या, नाहीतर हात कापतो आणि पत्रा थरथरून वाजतो. वरची बाजू मुद्दाम उघडी ठेवली, म्हणजे फटीतली गरम हवा चिमणीसारखी वर निघून जाते आणि खालून थंड हवा शिरते.

एकानेही मला "कशाला बोल्ट, चिकटवून टाका" असं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, पण तिघांनी सांगितलं. तिघांनाही मी एकच उदाहरण दिलं. 2010 मध्ये फेरारीने 458 इटालिया गाड्या परत बोलावल्या. मागच्या चाकाच्या कमानीतलं हीट शील्ड ज्या चिकटद्रव्याने लावलं होतं, ते तापून पेट घेऊ शकत होतं. दुरुस्तीत ते काढून शील्ड यांत्रिक पद्धतीने आवळलं गेलं. गरम नळीच्या आसपास मी चिकटवलेल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. मागे गोंद असलेली सोनेरी पट्टी मी फक्त लांबच्या वायरिंगच्या नळीवर वापरली, आणि तिथेही ती पुसत राहावी लागते. तेल-धूळ बसलेली चकाकी धग परतवत नाही.

हेडरला या वेळी पट्टी नाही. मोजणी झाल्यावर तो उतरवून आतून-बाहेरून सिरॅमिक कोटिंग करून घेतलं, नळी अजून नवी असताना. कोटिंग पट्टीइतकं अडवत नाही, हे खरं आहे. पण ते ओलावा धरत नाही, तेल पीत नाही (तेल प्यालेली पट्टी म्हणजे पेटायची वाट बघणारी वात), आणि तडा गेला तर दिसतो. शर्यतीच्या गाडीत, जिथे हेडर ठरावीक काळाने उतरवून तपासतात आणि बदलतात, तिथे पट्टी जरूर वापरावी. रोजच्या गाडीत मी वापरणार नाही.

इंजिनाच्या सेटिंगमध्येही एक गोष्ट बदलली. ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट आवाज यावा म्हणून कंट्रोल युनिटच्या मॅपमध्ये स्पार्क उशिरा आणि थोडं पेट्रोल चालू ठेवलेलं होतं. ते पेट्रोल सिलिंडरमध्ये न जळता हेडरमध्ये आणि पुढे कॅटमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जळतं. आवाज मलाही आवडायचा. काढून टाकला.

झळीने मला जास्त दमवलं. उष्णता नळीतून सुटून बॉनेटखालच्या हवेत गेली, आता ती हवा बाहेर कुठून जाणार? बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलायची, हा उपाय सगळीकडे दिसतो. तो करण्याआधी मी लोकरीचे बोटभर तुकडे त्या फटीच्या बाजूने चिकटवले आणि शेजारी बसलेल्या मित्राला ते काचेतून चित्रित करायला सांगितलं. गाडी उभी असताना धागे बाहेरच्या दिशेने डुलत होते, गरम हवा वर निघत होती. वेग वाढला तसे ते आधी गोंधळले, आणि मग सगळे एका ओळीत आत ओढले गेले. पुढच्या काचेच्या पायथ्याशी वेगात हवेचा दाब वाढतो. तिथे फट ठेवली तर हवा बाहेर येत नाही, आत शिरते. तेच धागे बॉनेटच्या पुढच्या भागावर, रेडिएटरच्या मागे, वर उचलले जात होते. बॉनेटला तिथे, रेडिएटरमागे, दोन जाळ्या पाडल्या. नवं बॉनेट कापायला हात धजावेना, म्हणून जुनं मिळवलं आणि त्यावर आधी करून पाहिलं. खाली पाणी वळवणारा एक उथळ पत्रा आहे, म्हणजे पाऊस थेट इग्निशन कॉइलवर पडत नाही.

थांबल्यानंतरच्या बारा मिनिटांसाठी रेडिएटरचा पंखा टायमरवर घेतला. किल्ली काढल्यावर तो सहा मिनिटं चालतो. बॅटरीला ते जड जात नाही, हे मी व्होल्टमीटर लावून आठवडाभर पाहिलं.

चटक्याचं काम एका दुपारचं होतं. क्लचचा पाइप ज्या क्लिपने धरला होता ती गिअरबॉक्सच्या तापलेल्या अंगाला टेकत होती, ती हलवली. पाइपवर सिलिकॉनचं अग्निरोधक आवरण चढवलं आणि ऑइल बदललं. मागच्या टोकाला नळी बंपरला टेकून तो मऊ पडला होता, कारण स्टेनलेसची एक मीटर नळी 500 अंशांनी तापली की साधारण नऊ मिलिमीटर लांबते, आणि बसवताना सगळं थंड होतं. नळी टांगून धरणारे हँगर मागे घेतले, टोक बंपरच्या बाहेर काढलं. इंजिनाजवळ लवचीक जोड होता, पण त्याची जाळी ताणलेली होती, तोही बदलला.

नव्या चिकटपट्ट्या लावून तीच फेरी, त्याच वेगाने, बाहेरचं तापमानही जवळपास तेवढंच असताना पुन्हा केली. सोलेनॉइडवर 104 काळा, 110 पांढरा. क्लचच्या पाइपवर 77 काळा, 82 पांढरा. थांबले, पंखा सहा मिनिटं घोंघावला आणि बंद झाला. पंधराव्या मिनिटाला किल्ली फिरवली. सेल्फने झटक्यात इंजिन उचललं.

पायाखालचा पत्रा मात्र अजून सुटलेला नाही. शेजारच्या सीटच्या पुढे, जिथे खालून कॅट जातो, तिथे 71 चा चौकोन प्रत्येक लांबच्या फेरीत काळा होतो आणि बसणाऱ्याचे बूट गरम लागतात. कॅटचं कंपनीचं शील्ड मी पहिल्याच दिवशी परत लावलं होतं, पण नव्या नळीमुळे कॅट पत्र्याच्या अंदाजे 15 मिलिमीटर जवळ आला आहे. तिथे दुसरा थर घालायला जागा नाही, आणि पुठ्ठ्याचा पाचवा नमुना सध्या माझ्या टेबलावर अर्धवट कापून पडला आहे.